आठ तासांचा लेओव्हर, साडेचार तासांची झोप

मी बोटीवर सेकंड इंजिनिअर आहे. आमची तिकिटं आम्ही काढत नाही, कंपनी काढते. तिकीट काढणाऱ्याला फक्त जहाज कुठल्या तारखेला कुठल्या बंदरात आहे ते दिसतं. पहाटे दोनला उतरलेला माणूस सकाळी दहापर्यंत काय करणार, हा प्रश्न त्याच्यासमोर येतच नाही. बरं, पुढचं विमान पकडलं की संपलं असंही नसतं. विमानतळावरून गाडी, गाडीतून लाँच, म्हणजे जहाजापर्यंत नेणारी छोटी बोट, आणि लाँचवरून शिडी. वर पाय ठेवला की ज्याच्या जागी मी आलेय तो हँडओव्हरचे कागद घेऊन उभाच असतो, कारण त्याला त्याच लाँचने घरी जायचं असतं. मधले आठ तास खुर्चीत मान वाकडी करून काढले असतील तर तो काय सांगतोय त्यातलं निम्मं डोक्यात शिरत नाही. इंजिन रूममध्ये निम्मं ऐकून चालत नाही.

म्हणून गेली आठ-नऊ वर्षं मी विमानतळावरचे झोपायचे पॉड, म्हणजे तासांवर मिळणारे छोटे कप्पे किंवा खोल्या, घेत आलेय, बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून. बरेचसे चांगले निघाले. एकदा पैसे पाण्यात गेले आणि एकदा विमान चुकता चुकता राहिलं. दोन्ही वेळा पॉडचा काही दोष नव्हता, हिशोब माझाच चुकला होता. कोणी पॉडबद्दल विचारलं की लोकांना गादी कशी आहे, स्वच्छ आहे का, एवढंच ऐकायचं असतं. मी आधी वजाबाकी करायला लावते.

आधी वजाबाकी

समजा, तुम्ही पहाटे २.१० ला उतरताय आणि पुढचं विमान सकाळी १०.१० ला आहे. कागदावर आठ तासांचा लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला थांबा. आता माझ्याबरोबर चालत या.

२.१० ही चाकं टेकायची वेळ. विमान जागेवर लागून, दार उघडून, पुढच्या रांगांतल्या लोकांनी वरच्या कप्प्यातल्या बॅगा काढून तुम्ही बाहेर पडेपर्यंत २.३५ होतात. ट्रान्स्फरची सुरक्षा तपासणी पुन्हा होते, तिथे रांग असते, ३ वाजतात. मोठ्या विमानतळावर पॉडपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. काउंटरवर पासपोर्ट, बोर्डिंग पास, पैसे, ३.२५. पाच मिनिटांची आंघोळ, दात, अलार्म, दिवा बंद. ३.५० ला डोकं उशीवर.

आता दुसऱ्या टोकाकडून या. विमान १०.१० चं असलं तरी गेट त्याआधी पंधरा-वीस मिनिटं बंद होतं, आणि बोर्डिंग त्याच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं. मी ९.२० ला गेटवर असायचं ठरवते. म्हणजे पॉड ९ च्या आत सोडायचा. त्याआधी चाळीस मिनिटं उठायला हवं: गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटं डोकं जड असतं, त्या अवस्थेत पासपोर्ट उशीखाली राहतो. म्हणजे ८.२० ला उठायचं.

३.५० ते ८.२०. आठ तासांतले हातात आले साडेचार.

साडेचार तास वाईट नाहीत. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं धरतात, म्हणजे तीन चक्रं बसली. प्रत्येकाचं चक्र घड्याळाबरहुकूम चालत नाही, पण ठोकताळा म्हणून मी तेवढंच वापरते: दीड, तीन, साडेचार. मधल्या आकड्यावर उठायची वेळ आली तर पंधरा मिनिटं कमी झोपायला मी तयार असते.

हीच वजाबाकी चार तासांच्या लेओव्हरला लावून बघा. साडेतीन तास सगळे असे जाण्या-येण्यात निघून जातात आणि अर्धा तास उरतो. त्यासाठी पॉड घेऊ नका. शांत गेट शोधा, पाय बॅगेवर टाका आणि डुलकी काढा. डुलकीला कमी लेखू नका. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या आणि १९९० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना ४० मिनिटांची संधी दिली होती. ते सरासरी २६ मिनिटं झोपले, आणि तेवढ्याने त्यांची सतर्कता स्पष्ट सुधारली. खुर्चीतली २६ मिनिटं फुकट असतात.

पाच तासांपासून विचार करायला हरकत नाही, सहा-सात तासांना तीन तासांचा पॉड बरोबर बसतो. आठ ते बारा तास, आणि ते रात्रीचे, हा पॉडचा खरा काळ. त्याहून जास्त असेल तर मला स्वतःला खिडकी आणि नीट उभं राहता येईल अशी खोली लागते. तिथे ट्रान्झिट हॉटेल बघा.

आणखी एक. पैसे भरण्याआधी विमान कंपनीला विचारा. काही कंपन्या त्यांच्याच जोडविमानाचा लेओव्हर लांबला तर हॉटेल देतात. एमिरेट्सची ‘दुबई कनेक्ट’ ही त्यातलीच सोय, पण ती आधी मागून ठेवावी लागते. आणि लेओव्हर मुळात दोनच तासांचा होता, विमान रद्द झालं म्हणून रात्रभराचा झाला, तर तो तुमचा खर्च नव्हेच. युरोपीय संघातल्या विमानतळावरून उडणाऱ्या विमानांसाठी २६१/२००४ या नियमाखाली अशा वेळी राहायची सोय कंपनीने करायची असते. काउंटरवर रांग लांब असते म्हणून लोक वैतागून स्वतःच पॉड घेतात, आणि मग बिलाच्या मागे महिनोन्‌महिने फिरतात. आधी रांगेत उभं राहा.

आत की बाहेर

पैसे पाण्यात गेले ते इथे.

मी थर्ड इंजिनिअर होते, पहिल्यांदाच स्वतः पॉड बुक केला. विमानतळाचं नाव टाकलं, पहिला आला तो घेतला. उतरल्यावर पाट्यांच्या मागे चालत गेले तर समोर इमिग्रेशनचे काउंटर. पॉड त्यांच्या पलीकडे. मला त्या देशाचा व्हिसा नव्हता, जहाज दुसऱ्याच देशात होतं. अधिकारी सभ्य होता. त्याने माझं बुकिंग वाचलं, पासपोर्ट वाचला, दोन्ही परत दिले आणि बोटाने मागची दिशा दाखवली. ती रात्र मी बंद दुकानाच्या शटरला टेकून काढली, कागदपत्रांचा फोल्डर डोक्याखाली घेऊन. काचेतून पॉडची जाहिरात दिसत होती. झोपलेल्या बाईचा फोटो होता त्यावर.

तर विमानतळाचे दोन भाग असतात. इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणीच्या आतला तो एअरसाइड, बाहेरचा लँडसाइड. आतला पॉड असेल तर तुम्ही देशात शिरतच नाही, तपासणी पुन्हा नको, सकाळी पडदा सारला की गेटकडे. बाहेरचा असेल तर देशात प्रवेश, म्हणजे व्हिसाचा प्रश्न, आणि सकाळी पुन्हा इमिग्रेशन, पुन्हा सुरक्षा. बाहेरच्या पॉडसाठी माझ्या वजाबाकीत सरळ दीड-दोन तास आणखी जातात.

नावावरून हे कळत नाही, हीच गोम आहे. सिंगापूरचं योटेलएअर (योटेल या साखळीचं) विमानतळाला लागून असलेल्या ज्वेल मॉलमध्ये आहे, म्हणजे बाहेर. तिथलंच एअरोटेल टर्मिनल १ च्या आत. लंडन गॅटविकचं योटेल साउथ टर्मिनलमध्ये, बाहेर. हे योटेलचं पहिलं, २००७ चं. अॅमस्टरडॅम स्खिपोलचं मात्र आत. इस्तंबूलला एकाच इमारतीत दोन्ही बाजूंना योटेल आहे, आणि बुक करताना बाजू निवडावी लागते. टोकियोच्या नारिता विमानतळाचं ‘नाइन अवर्स’ टर्मिनल २ च्या पार्किंगच्या इमारतीत, बाहेर. जागा हलतात, बंद होतात, नव्या निघतात. म्हणून बुकिंगच्या साइटवर ‘विमानतळात’ असं लिहिलेलं वाचून थांबू नका. विमानतळाच्या स्वतःच्या साइटवर नकाशा उघडा आणि पॉड सुरक्षा तपासणीच्या कुठल्या बाजूला आहे ते डोळ्यांनी बघा. कळलं नाही तर पॉडवाल्यांना मेल टाका: मी अमुक विमानाने येतेय, तमुकने जातेय, मला इमिग्रेशन ओलांडावं लागेल का? उत्तर एका ओळीत येतं. नाही आलं तर तो पॉड घेऊ नका.

अमेरिकेत हा प्रश्नच वेगळा आहे. तिथे आंतरराष्ट्रीय ट्रान्झिटसाठी वेगळा आतला भाग नसतो. पुढे तिसऱ्या देशात जायचं असलं तरी पहिल्या विमानतळावर इमिग्रेशनमधून जावं लागतं आणि बहुतेक वेळा बॅगाही उचलाव्या लागतात. तिथला हिशोब देशात शिरून, पुन्हा आत येऊन मगच सुरू होतो.

आत किंवा बाहेर हे ठरवायला बॅगही बघावी लागते. चेक-इन बॅगेच्या टॅगवर तीन अक्षरांचा कोड असतो. तो शेवटच्या ठिकाणाचा असेल तर बॅग परस्पर जाईल, तुम्ही आत राहू शकता. मधल्याच विमानतळाचा असेल, म्हणजे तिकिटं दोन वेगवेगळी असतील, तर बॅग पट्ट्यावर फिरत राहील आणि तुम्हाला बाहेर जावंच लागेल. आणि बाहेर गेलात की दुसऱ्या विमानाचं चेक-इन उघडेपर्यंत, बहुधा उड्डाणाआधी तीन तासांपर्यंत, तुम्हाला परत आत येता येत नाही. अशा वेळी बाहेरचाच पॉड बरोबर. टॅग काउंटरवर लावतात तेव्हाच वाचायचा. नंतर विमानात बसून पावती उलटीसुलटी करून उपयोग नाही.

टर्मिनलही बघा. दुबईला टर्मिनल २ आणि ३ धावपट्टीच्या दोन बाजूंना आहेत, मध्ये बस लागते. क्वालालंपूरचे टर्मिनल १ आणि २ वेगवेगळ्या इमारती आहेत, त्यांच्यामध्ये रेल्वे धावते. सिंगापूरचं टर्मिनल ४ बाकीच्यांना बसने जोडलेलं आहे. पॉड शक्यतो निघायच्या टर्मिनलमध्ये घ्या, उतरायच्या नव्हे. झोपेआधी चाललेलं बरं, झोपेनंतर धावण्यापेक्षा.

पॉड म्हणजे नक्की काय मिळतं

हा शब्द चार-पाच वेगळ्या वस्तूंना लावतात, त्यामुळे फोटो नीट बघा.

मूळ घराणं जपानी कॅप्सूलचं. पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ साली ओसाकात निघालं, कॅप्सूल इन ओसाका. आराखडा किशो कुरोकावा या वास्तुशिल्पीचा. साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच, एकावर एक दोन ओळींत. आत बसता येतं, उभं राहता येत नाही. दाराऐवजी बहुधा खाली ओढायचा पडदा. सामान लॉकरमध्ये, आंघोळ सार्वजनिक. नाइन अवर्स याच जातीचं, आणि तिथे बायका-पुरुषांचे विभाग वेगळे आहेत. बोटीवरच्या बंकची सवय असलेल्याला हे घरच्यासारखं वाटतं. ज्यांना लिफ्टमध्येही गुदमरतं त्यांनी या वाटेला जाऊ नये.

दुसरा प्रकार केबिनचा: दार, कडी, उभं राहण्यापुरती जागा, कधी आतच शॉवर. योटेल असं. म्युनिकच्या टर्मिनल २ मधल्या नॅपकॅब्जही केबिनच, पण तिथे काउंटर नाही. कार्ड लावायचं, दार उघडतं. रात्री तीनला कोणाशी बोलायची ताकद नसते तेव्हा हे फार आवडतं, फक्त कार्ड चाललं नाही तर समोर कोणी नसतं. अटलांटाच्या ‘मिनिट स्वीट्स’ म्हणजे छोट्या खोल्या, आत सोफा, तोच झोपायला.

तिसरा प्रकार झोपायच्या खुर्चीचा. फिनलंडची ‘गोस्लीप’ अशीच: खुर्ची सरकून सपाट होते आणि वरून आच्छादन ओढून घेता येतं. अबू धाबीत २०१३ मध्ये या आल्या. तासाभराला छान. रात्र काढायला मी घेणार नाही, कारण आच्छादन उजेड अडवतं, पण दहा फुटांवरच्या उद्‌घोषणा अडवत नाही. दुबईतल्या ‘स्लीप एन फ्लाय’मध्ये एकाच छताखाली पॉड आणि केबिन दोन्ही आहेत, त्यामुळे तिथे बुक करताना आपण काय घेतोय ते दोनदा वाचायचं.

मी काय घेते? एकटी असेन तर कॅप्सूल, खालची ओळ. वरच्या ओळीत चढायची शिडी पहाटे चारला अर्धवट झोपेत उतरावी लागते. खालच्याला काही जागी वेगळी मागणी लिहावी लागते, काही जागी काउंटरवर हसून मागावं लागतं. मिळाली नाही असं एकदाच झालं.

मुलं बरोबर असतील तर कॅप्सूल विसरा. बहुतेक ठिकाणी वयाची अट असते, आणि अट नसली तरी शेजारी अकरा जण झोपलेत हे तीन वर्षांच्या मुलाला कसं सांगणार? केबिन घ्या.

बुकिंग करताना

मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्यांची तारीख हमखास चुकते. १४ तारखेला पहाटे २.१० ला उतरायचं असेल तर हॉटेलच्या भाषेत ती ‘१३ ची रात्र’ असते, पण तासांवर चालणाऱ्या पॉडमध्ये ती १४ तारीख, ३ वाजता. दोन्ही पद्धतीच्या साइट्स आहेत. पैसे भरण्याआधी पावतीवर येण्याची तारीख-वेळ आणि जाण्याची तारीख-वेळ अशा चार गोष्टी दिसायला हव्यात, तिकिटाशी जुळवून बघा. सगळ्या वेळा त्या विमानतळाच्या स्थानिक असतात, घरच्या नव्हेत.

तास गठ्ठ्याने मिळतात. क्वालालंपूरच्या ‘कॅप्सूल ट्रान्झिट’मध्ये तीन, सहा, बारा असे गठ्ठे आहेत, योटेलमध्ये कमीत कमी चार तास घ्यावे लागतात. इथे विचारायचा प्रश्न एकच: घड्याळ कधी सुरू होतं? मी दारात पोचल्यावर, की बुक केलेल्या वेळेला? ठरलेल्या वेळेला सुरू होत असेल तर उतरायची वेळ टाकू नका. वरच्या उदाहरणात २.१० पासून सहा तास घेतले असते तर ८.१० ला बाहेर काढलं असतं, म्हणजे तिसऱ्या चक्राच्या शेपटाला. ३ पासून घेतले की ९ पर्यंत निवांत. ती पन्नास मिनिटं तशीही तुम्ही विमानात आणि रांगेतच असता.

फ्लाइट नंबर कळवून ठेवा. विमान दोन तास उशिरा आलं तर काही जण बुकिंग पुढे सरकवतात, काही जण नाही. नंबर दिलेला असला की निदान बोलायला जागा राहते. आंघोळ, टॉवेल, मोठी बॅग ठेवायची सोय धरलेली आहे का ते बघा. कॅप्सूलमध्ये मोठी बॅग शिरत नाही हे माझ्याबरोबरच्या एका मोटरमनला (इंजिन रूममधल्या कामगाराला) आत बॅग ढकलून झाल्यावर कळलं. पाय बाहेर काढून झोपला बिचारा.

आत शिरल्यावर

पहिलं काम, हात वाऱ्याच्या जाळीसमोर धरा. ही इंजिनिअरची खोड समजा. कॅप्सूलमध्ये छोटा पंखा किंवा हवेची जाळी असते, तिच्यातून वारा हाताला लागला पाहिजे. लागत नसेल तर लगेच बदलून मागा. तासाभराने घामाघूम होऊन मागायला गेलात तर दुसरा रिकामा नसतो.

मग उजेड. मोठा दिवा बंद केला की कळतं, पॅनेलवर एक छोटा निळा दिवा जळतोय, बरोबर डोळ्यांच्या रेषेत. माझ्या पाकिटात काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा असतो, जुन्या कार्डावर गुंडाळलेला. चिकटवायचा, जाताना काढून घ्यायचा. डोळ्यांवरची पट्टी रात्रीत सरकते, टेप सरकत नाही.

आवाजाचं माझं जरा उलटं आहे. बोटीवर जनरेटरची घरघर चालू असली की आम्ही गाढ झोपतो. ती थांबली की जहाजभर सगळे उठून बसतात. सलग आवाज झोप मोडत नाही, बदलणारा आवाज मोडतो. पॉडमध्ये बदलणारा आवाज म्हणजे शेजारच्या बॅगेची चेन आणि प्लॅस्टिकची पिशवी. म्हणून फोमचे इअरप्लग. ते नुसते कानात कोंबून उपयोग नाही. बोटांनी बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. बाहेरून जेमतेम दिसला पाहिजे. निम्मा बाहेर लटकत असेल तर तो काही अडवत नाहीये.

आणि आपण कोणाचे शेजारी आहोत हे विसरू नका. सकाळचे कपडे, ब्रश, पुढचा बोर्डिंग पास झोपण्याआधीच वर काढून ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी लॉकरमध्येच राहू दे. केस रात्री धुवायचे नाहीत. ओल्या केसांनी थंड वाऱ्याखाली झोप लागत नाही, आणि ड्रायर लावलात तर दुसऱ्या कोणालाच लागत नाही. विमानातली शेवटची कॉफी नको म्हणा. शरीरातलं निम्मं कॅफीन जायलाच पाचएक तास लागतात, तेवढ्यात तुमचा पॉड संपलेला असतो.

पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), सर्टिफिकेटं यांचा पातळ फोल्डर मी लॉकरमध्ये ठेवत नाही. उशीच्या खोळीत, उशीच्या खाली नव्हे, आत. पैसे गेले तर येतात. सीडीसी गेलं तर जहाजावरचं जॉइनिंगच गेलं.

आता अलार्म. विमान चुकता चुकता राहिलं ते यामुळे. साइन ऑफ होऊन, म्हणजे जहाजावरची नेमणूक संपवून, घरी परतत होते, पश्चिमेकडून पूर्वेकडे. विमानात फोन फ्लाइट मोडवर टाकला, उतरल्यावर रोमिंगचा भुर्दंड नको म्हणून तसाच ठेवला. पॉडमध्ये सहाचा अलार्म लावून झोपले. फोनला आपण दुसऱ्या देशात आहोत हे कळलंच नव्हतं. त्याचे सहा म्हणजे तिथले आठ. मला उठवलं ते वरच्या कॅप्सूलमधल्या बाईच्या पायाने, शिडीवरून घसरून तो माझ्या पडद्यावर आदळला. तिने माफी मागितली, मी किती वाजले विचारलं, आणि मग मीच तिचे आभार मानत धावत सुटले.

तेव्हापासून अलार्म लावतच नाही, टायमर लावते. झोपताना पॉडच्या काउंटरवरच्या घड्याळात बघायचं, उठायच्या वेळेला किती तास-मिनिटं आहेत मोजायचं, तेवढा उलटा मोजणारा टायमर. साडेचार तास म्हणजे साडेचार तास. कुठल्या देशात आहोत याच्याशी टायमरला देणंघेणं नसतं. आवाज बंद, थरथर चालू, फोन उशी आणि कानाच्या मध्ये. मनगटावर घड्याळ थरथरणारं असेल तर आणखी बरं, कारण कानात प्लग आहेत हे विसरू नका. शिवाय काउंटरवर वेळ सांगून उठवायला सांगते. दोन वेगळ्या यंत्रणा हव्यात. एका पंपाच्या भरवशावर आम्ही मशीनही चालवत नाही.

बोटीवर विश्रांतीचा नियम असतो, २४ तासांत किमान १० तास, फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा किमान सहा तासांचा. साडेचार तास त्यात बसत नाहीत. म्हणून पॉडमधून उठल्यावर आपण ताजेतवाने झालो असं समजून पुढच्या विमानात चित्रपट बघत बसू नका. तिथेही झोपा, खिडकीची सीट मागून घ्या. जॉइन करायला जाताना मी पॉड आणि विमान मिळून सहाचा आकडा गाठायला बघते, आणि चार ते आठच्या वॉचला, म्हणजे पाळीला, उभी राहिले की तो गाठला होता की नाही हे पहिल्या तासातच कळतं.

उठल्यावर आधी बसून राहायचं, दोन मिनिटं. दिवा लावायचा, प्लग काढायचे, पाणी प्यायचं. मग गेट बदललंय का ते स्क्रीनवर बघायचं. रात्रीत गेटं बदलतात. सिंगापूरसारख्या विमानतळावर टर्मिनल १, २, ३ मध्ये सुरक्षा तपासणी गेटवरच असते, तिथे आणखी पंधरा मिनिटं आधी निघा. पडदा सारण्यापूर्वी मी बोटांवर पाच वस्तू मोजते: फोल्डर, फोन, चष्मा, टेप, चार्जर. चार्जर पाचवा असतो, अंगठ्यावर. तरीही दोनदा विसरलाय.